आलेच हं, काका

सिस्टरने सोळा नंबरच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढला, स्टूल पुढे घेतलं आणि सगळ्यात आधी पायातले बूट काढले. पाय सकाळपासून भरून आले होते. खाटेवर शिंपीकाका होते. अर्ध्या तासापूर्वी गेले होते.

माणूस गेल्यावर दोन तास त्याला वॉर्डमधून हलवायचं नाही, असा इथला नियम. आणि पडद्याआड गेलेल्या सिस्टरला हाक मारायची नाही, हा कुठेही न लिहिलेला नियम. तो मात्र सगळे पाळतात, अगदी डॉक्टरसुद्धा. त्यांना वाटतं, ती शेवटची आवराआवर करतेय. आवराआवरीला दहा मिनिटं पुरतात. उरलेला वेळ ती नुसती बसते. चाळीस खाटा आणि दोन सिस्टर असलेल्या वॉर्डात कुणी मेल्याशिवाय बसायला मिळत नाही, याची तिला पूर्वी लाज वाटायची. हल्ली तीही वाटेनाशी झाली होती.

आज मात्र काही केल्या निवांत वाटेना. शिंपीकाका तसे त्रास देणारे नव्हते. भरती झाल्या दिवशी सिस्टरच्या एप्रनच्या खिशाची शिवण बघून त्यांनी नाक मुरडलं होतं, तेवढाच काय तो वाद. पण आज सकाळपासून त्यांनी तिला चार वेळा बोलावलं होतं. कण्हून नाही, ओरडून नाही. दुकानातून ओळखीच्या गिऱ्हाइकाला बोलवावं तसं, हात वर करून. चारही वेळा ती म्हणाली होती, "आलेच हं, काका!" एकदा हातात रक्ताची पिशवी होती. एकदा नव्या पेशंटची ट्रॉली दारात अडली होती. उरलेल्या दोन वेळी काय होतं, ते आता तिला आठवत नव्हतं. आठवत नाही, याचंच जास्त वाईट वाटत होतं.

पडद्यापलीकडे नेहमीचा गोंधळ चालला होता. कुणाची सलाईन संपली होती, कुणाचे नातेवाईक डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत होते. सफाईच्या मावशी फरशी पुसता पुसता सगळ्यांना दम भरत होत्या.

पडदा हलला. खांद्याला प्रवासाची बॅग अडकवलेली एक बाई आत आली. नाक थेट शिंपीकाकांचं. कोण म्हणून विचारायची गरज नव्हती. सिस्टर गडबडीने उठली, तसे बूट स्टुलाखाली सरकले. मुलीचं लक्ष तिच्या अनवाणी पायांकडे गेलं. मग तिनेही आपल्या चपला काढून पडद्याबाहेर ठेवल्या.

"मावशी म्हणाल्या, तुम्ही केव्हाच्या बाबांजवळ बसून आहात," ती म्हणाली. "पायातलंसुद्धा काढून. एवढं कोण करतं हो?"

सिस्टरने स्टुलाखालचे बूट पायाने आणखी आत सारले.

"एकटं राहायचा फार धसका होता त्यांना. शेवटी तुम्ही जवळ होतात, एवढं मला पुरे आहे."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी भागलं असतं. पोर आयुष्यभर त्या एका शब्दावर निभावून नेईल, हे सिस्टरला कळत होतं. असे 'हो' तिने आजवर कितीतरी जणांना दिले होते. आज तिला तो देववेना.

"नव्हते मी," ती म्हणाली. "चार वेळा बोलावलं त्यांनी. मी आलेच, आलेच करत राहिले. आत्ता आलेय ती पाय दुखतात म्हणून."

"काय हवं होतं त्यांना?"

"विचारलंच नाही मी."

मुलगी वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. सिस्टर बोलणी खायच्या तयारीने उभी होती. पोरीने थोबाडीत दिली असती तरी ते रास्तच वाटलं असतं. मुलीने बॅग खाली ठेवली. वडिलांच्या अंगावरची चादर उगाचच सारखी केली.

"बसा," ती म्हणाली. "तुम्ही निदान हाकेच्या अंतरावर तरी होतात."