खुर्चीचे गिऱ्हाईक

पालिकेच्या बाईंनी टेप गुंडाळली आणि फूटपाथवर खडूने रेघ ओढली. टोप्यांच्या दुकानाचा लाकडी स्टँड रेघेच्या आत बसला. शेजारची खुर्चीही बसली. खुर्चीतल्या म्हाताऱ्यांनी बाहेर राहिलेले पाऊल हळूच आत ओढून घेतले.

"स्टँडबद्दल माझं काही म्हणणं नाही," बाई म्हणाल्या. "खुर्ची तेवढी उचला."

"आत आहे की रेघेच्या," दुकान चालवणारी म्हाताऱ्यांची सून म्हणाली.

"असू दे. रेघेच्या आत फक्त विकायचा माल ठेवता येतो. बैठक नाही."

सुनेने सासऱ्यांकडे पाहिले. सकाळपासून त्यांनी पोस्टमनच्या गुडघ्याची चौकशी केली होती, एका शाळकरी मुलीला बुटाची नाडी बांधायला शिकवली होती आणि समोरच्या न्हाव्याशी ऊन किती पडेल यावरून वाद घातला होता. दुकानाच्या आत बोलायला नुसती टोप्यांची खोकी होती.

"आत बसतो मी," सासरे म्हणाले. उठले मात्र नाहीत.

"बसा, बाबा." सुनेने स्टँडवरच्या सगळ्यात महाग टोपीची किमतीची चिठ्ठी सोडली आणि खुर्चीच्या हाताला बांधली. "घ्या. झाला माल."

बाईंनी चिठ्ठी वाचली. टोपीवाल्यांनी खुर्ची विकू नये, असे नियमात कुठेच नव्हते.

"आणि हे?"

"गिऱ्हाईक. बसून बघताहेत."

"कधीपासून?"

"त्यांचं ठरतच नाहीये."

बाईंनी ओठ दाबून हसू आवरले. "गिऱ्हाइकाला मनाई नाही. पण विकायची म्हटलीत, तर विकायला लागेल. नाहीतर आजच्या आज आत घ्यायची."

तेवढ्यात जाता जाता एक गृहस्थ थांबले. वाकून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टकटक केले आणि चिठ्ठी पाहिली.

"एवढं भरीव लाकूड, आणि टोपीच्या भावात? घेतली मी."

सुनेचा चेहरा उतरला. नाही म्हणावे, तर खुर्ची माल राहत नव्हती. हो म्हणावे, तर खुर्चीच राहत नव्हती.

सासऱ्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "माफ करा हं, मी आधी आलोय."

"मग घेऊन टाका की."

"बघतोय अजून."

"अहो, किती बघाल? मॅडम, तुम्हीच सांगा यांना."

बाईंनी खुर्चीकडे पाहिले, मग खडूच्या रेघेकडे. "नंबर त्यांचा आधी आहे," त्या म्हणाल्या. "त्यांचं ठरेपर्यंत काही करता येणार नाही. आणि तुम्ही जरा बाजूला व्हा, लोकांच्या वाटेत उभे आहात."

गृहस्थ पुटपुटत निघून गेले. बाईही पुढच्या दुकानाकडे वळल्या, पण टेप उलगडता उलगडता त्यांचे कान इकडेच होते.

सासरे मागे रेलले. चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून त्यांनी ती दोनदा वाचली.

"सूनबाई, काही कमी होईल का?"

"एकच भाव, बाबा."

"मग विचार करावा लागेल," ते म्हणाले आणि दोन्ही पावले रेघेच्या आत नीट जुळवून बसले.