बांधीतला डाकू

गुड्डीनं सब्बल उचलली आणि तरातरा धानाच्या बांधीत उतरली. "आज हा चौथरा तरी राहीन, नाहीतं मी," ती सासूला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली.

काल रविवार होता. आलेल्या लोकांनी बांध तुडवून फोडला होता आणि रात्रभरात बांधीतलं सगळं पाणी वाहून गेलं होतं. नुकतीच रोवणी झालेली. धानाचे हिरवे परे चिखलात आडवे पडले होते. एका ठिकाणी तर मोटारसायकलच्या चाकाची चाकोरीच उमटली होती.

चौथरा भुऱ्या डाकूचा. आंबागडच्या डोंगरात लपणारा, मालगुजारांना लुटून गरिबांच्या पोरींची लग्नं लावणारा भुऱ्या. निदान मोबाइलवरच्या व्हिडिओत तरी तसं सांगत. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी तो व्हिडिओ टाकला आणि तेव्हापासून सुट्टीचा दिवस आला की गुड्डीचं डोकं उठायचं. कोणी दारूची बाटली वाही, कोणी बिडीचं बंडल. कोर्टात तारीख असलेले लोक नवस बोलून जात. फुटलेल्या बाटल्यांच्या काचा रोवणीला आलेल्या बायांच्या पायांत शिरत. तिनं वाटेवर काटे टाकले, लोकांनी ते बाजूला सारले. पाटी लावली, तर लोक पाटीजवळ उभे राहून फोटो काढू लागले. नवरा मंगेश जवाहरनगरच्या कारखान्यात होता. तो फोनवर एवढंच म्हणायचा, "जाऊ दे नं. कायले लोकायच्या तोंडी लागतं?" त्याला काय जातं म्हणायला. वावर ती पाहत होती.

पण काचांपेक्षाही तिला टोचायचं ते दुसरंच. व्हिडिओत तेही होतं.

भुऱ्याला जंगलात गोळी लागली. तोंडाची ओळख राहिली नाही. शिपायांनी सांगितलं, हा भुऱ्या, आणि गावानं मान डोलावली. पण मसणात जागा द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा सीताबाई नावाची बाई पुढं आली आणि म्हणाली, माझ्या वावरात पुरा. तिचा नवरा गोपीचंद आदल्याच दिवशी मँगनीजच्या खाणीवर कामाला निघून गेला होता, असं तीच सांगत असे. तो कधी परतला नाही. नवरा घरी नसलेली बाई डाकूच्या प्रेताला जागा देते, म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. सीताबाई मरेपर्यंत कुंकू लावत राहिली, त्यावरही लोक हसले.

ही सीताबाई म्हणजे गुड्डीच्या सासूची, आनंदाबाईची आई. एकुलती लेक म्हणून वावर आनंदाबाईकडे आलं होतं आणि वावरासोबत ही बदनामीही.

गुड्डीनं पहिला घाव घातला. कोपऱ्याची वीट निखळली. दुसऱ्या घावाला आनंदाबाई धापा टाकत येऊन पोहोचली आणि चौथऱ्यावर बसली. वय झालं होतं, पण अशी चिखलातून ती कधी धावली नव्हती.

"नको फोडू, गुड्डी."

"काहून नको? लोक इथं येऊन तुमच्या मायची लाज काढून राहिले. तुमाले काईच वाटत नाही?"

 निखळलेली वीट आनंदाबाईनं पदरानं पुसली आणि परत जागेवर बसवू लागली. गुड्डीचा संताप आणखीच चढला. म्हातारीपुढं बोलणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं होतं.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. दोन पोरं फुटक्या बांधावरून सरळ चौथऱ्याकडे आली. एकानं मोबाइल समोर धरला होता.

"वहिनी, डाकूची समाधी हेच नं? आन् त्याची ते बाई कोणत्या घरची होती? तिच्या घरचं कोणी आहे काय गावात?"

गुड्डीच्या हातातली सब्बल वर गेली. पोरगा दोन पावलं मागं सरला.

"मी हावो," आनंदाबाई म्हणाली. "इचार मले."

पोरानं मोबाइल तिच्याकडे वळवला. "आजी, तुमच्या मायनं डाकूले जागा काहून देली?"

आनंदाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. चौथऱ्यावरून हात फिरवला.

"पहाटे मोहफुलं येचाले गेल्ता तो," ती म्हणाली. "अंधारात गोळी घातली. मंग म्हणे, हाच भुऱ्या. मायनं पाय वळखले. शिपायानं तिले बाजूले नेऊन सांगतलं, तोंड उघडशीन तं पोरीसकट आत टाकीन. मी तिच्या कडेवर होतो, मरतानी तिनंच सांगतलं मले. ते रडलीबी नाही. कुंकू पुसलं असतं तं समद्यायले समजलं असतं. म्हणून तिनं निस्ती जागा देली आन् गावाले सांगतलं, नवरा खाणीवर गेला."

 पोराचा हात आपोआप खाली आला. गुड्डी सब्बल टाकून चिखलातच सासूच्या पायाशी बसली.

"मंग भुऱ्या?" पोरानं विचारलं.

"त्याचं मले काय मालूम," आनंदाबाई म्हणाली. "इथं माहा बाप हाय."