परतीची घंटा

“घंटा मोडीत गेली,” आयुबचाचा म्हणाले. “कारागीर गेला की त्याची अपुरी वस्तू मोडीत.”

अर्पितानं वडिलांची वही पुढं ओढली. “कुठं लिहिलंय?”

“लिहिलं नसंल. सूत्रधार मी हाय, बेटा. अर्थ मी लावणार.”

कळंबला आयुबचाचांचं गादी-रजईचं दुकान. त्याच्या मागच्या खोलीत, कापसाच्या गठ्ठ्यांवर बसून, दर रविवारी दुपारी हा खेळ चाले. अर्पिताच्या वडिलांनी, उत्तरेश्वर गुरुजींनी, तो एका इंग्रजी पुस्तकावरून दोनशे पानी वहीत उतरवला होता, मनाचे नियम घालून. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा. पुढं काय घडलं ते सूत्रधार सांगणार. गुरुजींचं पात्र होतं ओतारी, धातू वितळवून वस्तू ओतणारा. दोन वर्षं तो परतीची घंटा घडवत होता. ती वाजली की वाट चुकलेला माणूस घरी पोचतो.

गुरुजींना जाऊन महिना झाला होता. तेव्हापासून अर्पिता आज पहिल्यांदा घराबाहेर पडली होती, आणि ती घंटा पुरी करायलाच.

खरं तर तिला खेळात गोडी नव्हती. गुरुजींचे हात कापत, म्हणून ती येई. फासे तीच टाकी, कागदावर लिहीही तीच. “घंटा झाली की मी सुटले,” असं ती दर रविवारी म्हणे. गुरुजी नुसते हसत.

“पान बेचाळीस,” ती म्हणाली. “ज्याच्या हातानं वस्तू घडते तो कारागीर. दोन वर्षं फासे कुणी टाकले, चाचा? हात माझा होता. म्हणजे निम्मा कारागीर अजून जिवंत आहे.”

“चाचा, वकील लावा आता,” रणधीर म्हणाला. तो जनावरांच्या दवाखान्यात कामाला होता; खेळात त्याचं पात्र चोराचं.

अर्पितानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो गुरुजींच्या मातीला आला नव्हता.

चाचांनी चष्म्याची डबी उघडली, बराच वेळ आत पाहिलं आणि मिटली. चष्मा तर नाकावरच होता.

“बरं, मानलं. पण निम्म्या कारागिराला सोबती लागतो. त्याला तोंडानं मागावं लागतं. पुढच्या रविवारपस्तोर बघ.”

खेळात रणधीरशिवाय दुसरं कुणी नव्हतंच. चार दिवस ती धुमसत राहिली. गुरुवारी दवाखान्यात गेली तेव्हा रणधीर म्हशीच्या खुराला मलम लावत होता.

“माझा सोबती होशील?”

त्यानं मान वर केली नाही. “मी आलतो त्या दिवशी. वळणावर गाडी लावून बसलो. पुढं यायचा धीर झाला नाही.”

“होशील का तेवढं सांग.”

“होतो की. जरा हिचा पाय धर.”

तिनं पाय धरला.

दुसऱ्या रविवारी चाचांनी पुन्हा डबी उघडली, मिटली.

“पान सत्तर. जी वस्तू कशी बनते ते ठाऊक न्हाय, ती खेळातबी बनत न्हाय. सांग, घंटा कशी ओततात?”

“ते बाबांना माहीत होतं.”

“गुरुजी आता न्हायत.”

अर्पिताचे डोळे भरले. चाचांनी नजर वळवली. पण शब्द मागं घेतला नाही.

“पंधरा दिवस देतो. न्हाय जमलं तर मोडीत.”

“जमेल,” ती म्हणाली, आणि वही पिशवीत घालून निघाली.

दुसऱ्या दिवशी तिनं परंड्याची वाट धरली. तिथल्या ज्या दगडोबा ओताऱ्यांचं नाव बाबा घेत, ते आता ऐंशीचे. त्यांनी आधी हाकललं, मग माती मळायला बसवलं. मातीत घोड्याची लीद मिसळायची. मेणाची घंटा करून तिच्यावर त्या मातीचा लेप द्यायचा. भट्टीत मेण वितळून निघून जातं. राहिलेल्या पोकळीत काशाचा रस. तिचा पहिला साचा तडकला, दुसराही. “घरी कुणी वाट बघत न्हाय व्हय?” म्हाताऱ्यानं विचारलं. “नाही,” ती म्हणाली आणि तिसरा करायला बसली. तो टिकला.

पंधरा दिवसांनी तिनं सगळं सांगितलं. लेप किती बोटं जाड, रस कधी ओतायचा, भोक कुठं ठेवायचं. बोटावर भाजल्याचा डाग होता.

“आता फासा.”

घंटेला किती पडायला हवेत हे फक्त सूत्रधाराला माहीत होतं. अर्पितानं फासा टाकला. तीन पडले.

“झाली घंटा,” चाचा म्हणाले.

“तिनावर?” रणधीर ओरडला. “मला साधं कुलूप उघडायला बारा लागतात!”

अर्पिताचा चेहरा ताठरला. “दया नको, चाचा. नियमानं सांगा. किती हवे होते?”

चाचांनी चष्म्याची डबी तिच्यासमोर ठेवली. आत चार चिठ्ठ्या होत्या. एकेक अक्षर दोन-तीनदा गिरवलेलं, तरी रेघ सोडून घसरलेलं. दोन वर्षांत बाबांनी हातात पेन धरलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

‘एक. मोडीत गेली म्हण. ती हाताचा मुद्दा काढील. मान.’

‘दोन. सोबती मागायला लाव. कुणाच्या तरी दारात जाईल.’

‘तीन. ओतकाम विचार. माझ्यावर येईल. रडली तरी हटू नकोस, आयुब. जाऊ दे तिला परंड्याला.’

‘चार. फासा काहीही पडो. घंटा तिच्या हातून शिमग्यालाच पुरी झाली होती, आपण दोघांनी लपवलं, ते आता सांग.’