लालीची शिकार

रात्रपाळी करून आलेली नर्स मागच्या दाराच्या पायरीवर बसली ती बसलीच. बूट काढण्याचंही त्राण उरलं नव्हतं. समोर परसात कोंबड्यांची एकच धांदल उडाली होती. मोरीतून उंदराचं पिल्लू बाहेर आलं होतं आणि चौघीजणी त्याच्यामागे लागल्या होत्या.

पिल्लाला धड पळताही येत नव्हतं. लालीने दोनदा टोचून ते उचललं, बाकीच्यांना हुलकावणी देत कुंपण गाठलं आणि मान वर करून अख्खं गिळलं. नर्सला हसू आलं. उंदरांनी स्वयंपाकघरात नुसता उच्छाद मांडला होता. चौघींत अंडी देणारी ही एकटीच, आणि आजारी सासूबाईंच्या घशाखाली अंड्याशिवाय काही उतरत नव्हतं. आता शिकारही हिनेच करायची म्हणजे बाकीच्या तिघी फक्त मिरवायला!

नवरा डबा घेऊन बाहेर आला. तो बस चालवायचा. ती घरी यायची तेव्हा त्याची निघायची वेळ झालेली असायची. भेट काय ती दारात.

"बघितलंस? लालीने उंदीर गट्टम केला. उगाच औषधं आणायला निघाला होतास."

त्याचा हात कडीवरच राहिला. "पळत होता का तो?"

"कसला पळतोय! झिंगल्यासारखा चालला होता."

त्याने डबा खाली ठेवला. "परवा मी ओट्यामागे उंदराच्या विषाच्या गोळ्या टाकल्यात."

ती उठली. कुठून बळ आलं कोण जाणे. दोघांनी मिळून लालीला कोपऱ्यात गाठलं. नर्सने तिला मांडीवर घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपली. पिल्लू बोटांना लागलं. हलकेच वर ढकलून पाहिलं, तर लाली कासावीस झाली. तिने हात काढून घेतला. जनावरांचा डॉक्टर दुपारशिवाय यायचा नाही.

"वाचली तरी हिचं अंडं आईंना देता येणार नाही," ती म्हणाली.

आतून सासूबाईंची हाक आली. "अंडं उकडलंस का गं?"

नर्सने लालीला मांडीवरच धरून ठेवलं. तिला नवऱ्याचा भयंकर राग आला होता, पण भांडायला अंगात जोर हवा ना.

"मला सांगायचं तरी होतंस."

"सांगणारच होतो."

"कधी?"

तो तिच्या शेजारी पायरीवर टेकला. बसची वेळ होऊन गेली होती.

"तू जागी असताना," तो म्हणाला.