दोन श्वास, मग मास्क वर

"आत यायचं तर मास्क लावून," नाकसाहेब म्हणाले.

मॅनेजरने खिसे चाचपले. मास्क मिळाला नाही, तेव्हा तोंडावर रुमाल धरून तो दारातच उभा राहिला. टेबलावरच्या मीटरचा आकडा सहाशे चाळीस होता. खोलीत माणसांनी सोडलेला श्वास किती साचलाय ते हा मीटर दाखवतो, आणि सातशेच्या वर गेला की खिडकी उघडायची असते, हे नाकसाहेबांनी अख्ख्या साबण कारखान्याला समजावून सांगितलं होतं. कुणीही न विचारता.

नाकसाहेब हे कारखान्यानेच पाडलेलं नाव. गेली एकवीस वर्षं साबणाचा प्रत्येक घाणा, म्हणजे एका वेळी बनलेला माल, बाजारात जायच्या आधी त्याचा वास ते तपासत. त्यांच्या हाताखालच्या बाईंना सगळे धाकटं नाक म्हणत. दोघं आपापल्या चिठ्ठीवर 'पास' किंवा 'परत' लिहीत; चिठ्ठ्या जुळल्या की निकाल पक्का.

"वरून पत्र आलंय," मॅनेजर रुमालातून बोलला. "सोमवारपासून दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं. चिठ्ठ्या बंद पाकिटातून माझ्याकडे. जुळल्या नाहीत तर बाहेरून परीक्षक येणार. ज्याचं नाक चुकलं त्याची बदली पॅकिंगला."

"वेगळी खोली कुठाय?"

"पलीकडचं कोठार."

"त्याला खिडकी नाही. बाईंना त्या डब्यात कोंडणार तुम्ही?"

"खिडकी पाडून देतो."

"आणि हवेचा फिल्टर?"

"दुसरा मागवलाय. याच्यापेक्षा मोठा. मीटरसकट. आता बोला!"

दोन वर्षं एका फिल्टरच्या जाळीसाठी नाकसाहेबांनी अर्जांवर अर्ज केले होते, आणि आज न मागता अख्खं यंत्र मिळत होतं. तरी ते उठले, खिडकी उघडली, मीटर पाहिला, खिडकी लावली.

"यांचं समाधान करणं देवालाही जमायचं नाही," मॅनेजर बाजूला बसलेल्या बाईंना म्हणाला आणि गेला.

दोन वर्षांपूर्वी साध्या तापाची चार दिवसांची रजा संपवून नाकसाहेब परतले, ते मास्क आणि फिल्टर घेऊनच. पहिला फिल्टर पदरमोड करून आणला होता. कारखान्यात हसू झालं. हे यंत्र साबणाचा वासच खाऊन टाकत असेल, असं कँटीनवाला म्हणे. नाकसाहेब मग दुसऱ्या कारखान्यातल्या एका वास-परीक्षकाची गोष्ट सांगत. कोविड आठवड्यात बरा झाला, पण मागे जे राहिलं ते गेलंच नाही. दोन जिने चढला की धाप लागते, आणि गुलाब आणि रॉकेल त्याला सारखंच. "कुठं आहे आता तो?" कुणीतरी विचारी. "पॅकिंगला," नाकसाहेब म्हणत, आणि मास्कची पट्टी नाकावर आणखी दाबून बसवत.

घरी मात्र मास्क नसे. परवाच ते बसले होते तिथंच गॅसवर दूध करपून भांडं काळं झालं आणि साहेबांनी पेपरचं पान उलटलं. "नाक कारखान्यातच ठेवून येता का हो?" बायकोने विचारलं. "नोकरीचं हत्यार घरी चालवू नये," ते म्हणाले.

तपासणीची शिस्तही त्यांचीच. एका वेळी एकाचाच मास्क खाली. आधी बाई, म्हणजे थोरल्याच्या मताचं दडपण नको. वडी नाकाशी, दोन श्वास, मग मास्क वर. नंतर साहेब. आणि मगच दोघांनी चिठ्ठ्या लिहायच्या, एक शब्द न बोलता. दोन वर्षांत दोघांच्या चिठ्ठ्या एकदाही वेगळ्या आल्या नव्हत्या. अकरा घाणे परत गेले होते, आणि मिश्रण खात्याने शोधाशोध केल्यावर प्रत्येक वेळी काही ना काही सापडलंही होतं.

दुपारचा घाणा आला. बाईंनी वडी हुंगली, मास्क वर केला. साहेबांनी आपला उतरवला. आज दोनचे चार श्वास झाले, चाराचे सहा. मास्कच्या वर बाईंची उजवी भुवई हळूच उचलली गेली. दोघांनी लिहिलं: परत.

ट्रॉलीवाला माल घेऊन गेला. साहेबांनी मीटर पाहिला, फिल्टरचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं, खुर्ची सरकवली. बाईंनी उठून दार लावलं.

"सर, मला सोमवारी त्या कोठारात बसता येणार नाही."

"खिडकी पाडतायत ना."

"खिडकीचं नाही हो." बाईंनी मास्क काढून टेबलावर ठेवला. दोन वर्षांत त्यांचा अख्खा चेहरा साहेब पहिल्यांदाच इतका वेळ पाहत होते. "तुमच्यानंतर महिन्याभरातच मलाही ताप आला होता. मुलाच्या शाळेतून आणला. ताप गेला, पण वास आला नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत राहिले. घरचा हप्ता, मुलाची फी. तुम्ही एवढं नाक जपता आणि मी शेजारी बसून तुम्हालाच फसवते. रात्री डोळा लागत नाही."

साहेबांना मीटरचा आकडा दिसेना. चष्म्यावर वाफ धरली होती.

"पण चिठ्ठी? दर वेळी जुळायची की."

"तुमच्यामुळेच, सर. चांगल्या मालाला तुमचे दोनच श्वास. वडी जास्त वेळ नाकाशी राहिली की मी समजायचे, काहीतरी बिघडलंय. मग आपोआप भुवई वर जायची माझी, आणि मी 'परत' लिहायचे."

साहेबांनी मास्क हनुवटीवर ओढला. ते स्वतः वडी जास्त वेळ धरून ठेवायचे ते बाईंची भुवई हलते की काय, हे पाहण्यासाठीच.