हलकी चाकं

सपाटी

"चढासाठी हवीत की मिरवायला?" दुकानदाराने सायकलची दोन चाकं काउंटरवर आडवी टाकत विचारलं.

"चढासाठी," चष्मेवाला म्हणाला.

"मग ही उंच रिम विसरा. सपाटीवर पळते, पण चढावर नुसतं ओझं. आणि आडवा वारा सुटला की हँडल ऐकत नाही. ही घ्या. बुटकी रिम, कार्बनची. उचलून बघा."

चष्मेवाल्याने उचललं. हाताला काही लागलंच नाही. स्वतःच्या दुकानात तोही गिऱ्हाइकांना असंच बोलायचा: हलकी फ्रेम घ्या, नाकावर आहे हेसुद्धा विसराल. त्यात खरं किती, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"फरक पडेल ना?"

"खरं सांगू? आधी नुसते टायर बदलून बघा. त्याहून सोपं म्हणजे पोट उतरवा. ते फुकट होतं." दुकानदार स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसला. "एवढी घाई कसली? शर्यत आहे का?"

"छे. असंच."

कान मात्र लाल झाले होते.

चढ

असंच नव्हतं.

रविवारच्या टोळीचा एक नियम होता. माथ्यावरच्या टपरीत चहा ओतून तयार, पण शेवटचा भिडू पोचल्याशिवाय कोणी कपाला तोंड लावायचं नाही. शेवटी यायचा चष्मेवाला. सोबत दाजी, त्याच्या मोठ्या बहिणीचा नवरा. बाकीचे कप हातात धरून, त्यावर साय धरताना बघत उभे.

"आले, आले! गारचहावाले आले!"

आता दाजींना कोण हसणार? एकेकाळी त्यांनी शर्यती गाजवलेल्या. त्यांनीच चष्मेवाल्याला टोळीत आणलं, आणि वर्षभर त्याच्यापायी स्वतः शेपटाला लटकत राहिले. थट्टा होते ती आपली, हे न कळायला चष्मेवाला दूधखुळा नव्हता.

चढावर दाजी अवाक्षर काढत नसत. अर्ध्यावरच्या वळणाला मात्र हटकून उतरायचे.

"थांब रे जरा. ब्रेक घासतोय."

मग चाकाशी वाकून खुडबुड. चांगली लांबलचक खुडबुड. ब्रेक कधीच घासत नसायचा. मेहुण्याला दम खाता यावा आणि त्याचा कमीपणाही उघडा पडू नये, म्हणून हे नाटक. चष्मेवाला मान खाली घालून बाजूला उभा राहायचा. दोन शिव्या हासडल्या असत्या तर परवडल्या असत्या. ही दया अंगावर काट्यासारखी रुतायची.

"तू हो पुढे," दाजी वर न बघताच म्हणायचे.

"नको. असू दे."

किती गोड बोलून मारावं माणसाने!

तोच चढ, पुढचा रविवार

"नवी चाकं?" दाजींनी बोटाने एक आरा छेडला. तारेसारखा वाजला. "झकास. आता काय बाबा, उडणार तू."

"बघू," चष्मेवाला म्हणाला.

वळण आलं.

"थांब रे जरा. ब्रेक..."

तो थांबला नाही. पाय खाली टेकवला नाही, मागे वळून पाहिलं नाही. "या तुम्ही सावकाश!" एवढं मात्र ओरडला, आणि आवाजात आनंद आहे हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

माथा

टोळीच्या अगदी मधोमध तो टपरीवर पोचला. कोणी पाठीत धपाटा घातला, कोणी चाक उचलून बघितलं.

"गारचहा आज गरम!"

त्याच्याही हातात कप आला. पोळत होता. किती दिवसांनी!

"दाजी कुठायत?"

"येतील. ब्रेक बघतायत." तो हसला. "आता माझं लोढणं सुटलं. बघा कसे सुसाट येतात ते."

सगळे वळणाकडे बघत उभे राहिले. एक ट्रक वर आला. एक म्हातारा सायकल ढकलत आला, तो दुसराच निघाला. कपांवर साय धरली. कोणी प्यायलं नाही.

चष्मेवाल्याने दाजींना फोन लावला. पहिल्यांदा नुसताच वाजत राहिला. बऱ्याच वेळाने पुन्हा लावला, तेव्हा बहिणीने उचलला.

उतार

"हो, आलेत घरी. आडवे झालेत."

"घरी? पडले का कुठे?"

"पडले नाहीत रे. दम लागला. एका टेम्पोवाल्याने सायकलीसकट आणून सोडलं. तू घाबरू नकोस, गोळी घेतलीय."

"कसली गोळी?"

"अरे, असं काय करतोस? छातीची."

"ताई..."

"तुझ्यावर रागावले नाहीत हं ते. म्हणाले, जाऊ दे त्याला, त्यानं तरी किती दिवस अडकून राहायचं? वर्षभर मी तुझ्याच भरवशावर पाठवत होते ना त्यांना. दर रविवारी आले की बूट काढता काढता एकच सांगायचे. 'तुझ्या भावाच्या पायात वारं आहे गं. पण माझी लाज राखायला मुद्दाम मागे राहतो, आणि कधी एका शब्दाने बोलून दाखवत नाही.'"