दिगंबरचा चष्मा

खटला सुरूच न झाल्याने पाच वर्षे तुरुंगात असलेल्या दिगंबरला चष्मा मिळावा, म्हणून अ‍ॅडव्होकेट ओजस्विनी चौदा महिने न्यायालयात लढली. आदेश निघताच ती चंदीगडहून चष्मा घेऊन आली.

“आता भिंती स्वच्छ दिसतील, बाबाजी!” शिपाई हसला.

दिगंबरने आधी आपले आरोपपत्र मागून घेतले आणि पहिल्यांदाच स्वतः वाचले.

“ताई, चोरी बारा मार्चची? तारीख मला कुणी सांगितलीच नव्हती.”

“हो. का?”

“याच पानावर खाली माझी आधीची कैद लिहिलीय. त्याच वर्षी, पाच ते वीस मार्च. मग चोरी करायला मी बाहेर कधी आलो?”

ओजस्विनीने आपली फाइल उघडली. चष्म्याच्या अर्जाला जोडलेल्या आरोपपत्राच्या सहाही प्रतींखाली तिची सही होती: ‘वाचून खात्री केली.’